फुटामागे एक सूत

टेकडीवरचं घर,
३ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर एवढं मोठं काढलंयस की चार पानं उलटून मजकूर मात्र पोस्टकार्डाएवढाच निघाला. कागदाचा कारखाना विकत घेतलायस की काय? असो. मी बरी आहे. मनगट चांगलं सांधलंय, कात्री धरता येते. फक्त हवा बदलणार असली की ते मला आधी सांगतं आणि रेडिओ मागाहून सांगतो.

आता मुद्द्याचं. चिरंजीव परवा येऊन गेले. पूल तपासायची नोकरी करून करून त्याची नजरच तशी झाली आहे, जाईल तिथे भेगा शोधतो. आईकडे आला तर आधी आईला भेटावं की नाही? हा जिन्याशी थांबला आणि पायऱ्या मोजत बसला. सतरा आहेत, मी त्याला दारातूनच सांगितलं असतं. गेल्या थंडीत मी अकरावीवरून घसरले ते त्याच्या डोक्यातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी वादळात खालून येणारी विजेची तार तुटली, खांब आडवे झाले, आणि वीज कचेरीनं लेखी कळवलं की एकट्या घरासाठी नवे खांब घालता येणार नाहीत. तेव्हापासून अंधार पडला की मी एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात शिवायचं काम घेऊन जिना चढते, मग कठडा धरायला तिसरा हात कुठून आणू?

त्याचं म्हणणं असं, की थंडीच्या आधी जिन्यात दिवा लागला पाहिजे. बटण दाबलं की लागेल असा. नाहीतर वीस ऑक्टोबरला तो सामानाची गाडी घेऊन येईल आणि मला त्याच्या फ्लॅटवर नेईल. त्यानं हे रागानं सांगितलं नाही, काळजीनं सांगितलं, म्हणून तर मला भांडता आलं नाही. पण धाकट्या, त्याच्या त्या खोलीची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीकडे उघडते. खालच्या बिऱ्हाडाला आवाज होतो म्हणून शिवणयंत्र चालवायचं नाही. एकेचाळीस वर्षं मी या घरात, या खिडकीत बसून लोकांचे कपडे शिवले. तिथे जाऊन मी काय करू, भिंतीला बाह्या बेतू?

उन्हावरची वीज त्यालाच आधी सुचली होती, पण इथे अर्धं वर्ष ढग घरात येऊन बसतात. ऊन इथलं पाहुणं आहे, वारा घरचा आहे. म्हणून मला तू आठवलास. चाळीस वर्षं लाकडाला आकार देतोयस, मला एक वाऱ्यावर फिरणारं चाक करून दे. दोन दिवे लागले तरी बास.

एकच अट. तुझ्या कारखान्यातल्या त्या लबाड पट्टीला हात लावू नकोस. तिनं मोजून केलेलं माझं कपाट अजून कोनाड्यात न शिरता जिन्याखाली उभं आहे. तुझ्या मास्तरीणबाईंना आशीर्वाद सांग. माया आहेच, पत्रातही थोडी येऊ दे.

तुझी,
अक्का

---

मागची खोली,
१५ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून झालं आणि त्याच दुपारी मी कामाला लागलो. भाच्याला सांग, दिवा लागेल. तुझा धाकटा भाऊ अजून जिवंत आहे.

आधी पट्टीचं. तू तिला लबाड म्हणतेस ते मला अजून झोंबतं. शंभरदा सांगितलं, एकशे एकाव्यांदा ऐक. मी पॅटर्नमेकर. आधी मी लाकडात वस्तू घडवायची, तिचा ठसा वाळूत उठवायचा, आणि त्या पोकळीत ओतारी वितळलेलं लोखंड ओततो. लोखंड निवलं की आटतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून आमच्या पट्टीवरचा फूट मुळातच एक सूत मोठा असतो. ती आज थोडं खोटं बोलते म्हणून उद्याची वस्तू खरी निघते. आता कपाट काही निवून आटत नाही, हे मान्य. तेव्हा मी तरुण होतो, घाईत होतो, दोन्ही पट्ट्या एका खिळ्याला टांगलेल्या होत्या. त्यानंतर मी तिच्या टोकाला लालभडक रंग दिला. आता आंधळ्यालाही चुकून हाती लागायची नाही.

चाकाचा बेत असा. तीन पाती, प्रत्येक तीन फूट लांब, बुंध्याशी रुंद आणि टोकाकडे निमुळतं, आणि सगळ्या लांबीभर थोडा पीळ. पंपांच्या पंख्यांचे पॅटर्न मी आयुष्यभर केले, पीळ माझ्या हातात बसलेला आहे. पाइनच्या सरळ रेषांच्या, बिनगाठीच्या फळ्या आणून ठेवल्यात. आमचा जुना वाइंडर आठवतो का, मोटारी गुंडाळणारा, जो हसला की खोकायचा? त्यानं एक जुना डायनॅमो नव्यानं गुंडाळून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे चाक हळू फिरलं तरी वीज निघेल. ती बॅटरीत साठवायची आणि बॅटरीवर दिवे.

तू तिकडे खांबाची सोय बघ. पाण्याचा जुना लोखंडी पाइप चालेल, वीस फुटी. खाली बिजागरी ठेव, म्हणजे चाक जमिनीवर बसवून मग दोरानं खांब उभा करता येईल. शिडीवर चढायचं नाही, हे मी धाकटा असलो तरी दरडावून सांगतोय.

हिला सगळीकडे भुसा सापडतो. काल चहाच्या डब्यात सापडला. मास्तरीणबाईंनी मला वर्गाबाहेर, म्हणजे मागच्या खोलीत काढलंय.

अक्षराचं म्हणशील तर नवं पेन घेतलंय, ते जाड उमटतं. लोभ आहेच, रागावण्याच्या आत तो आठवावा.

तुझा,
धाकटा

---

टेकडीवरचं घर,
२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पाइप मिळाला. मेंढ्यांवाल्या शेजाऱ्याच्या गोठ्यामागे पडून होता, बदल्यात त्याच्या तीन कोटांना अस्तर लावून दिलं. त्यानंच खड्डा खणला, खडी-सिमेंट भरलं आणि बिजागरी बसवली. तो फार बोलत नाही. तीन दिवसांत एकदा म्हणाला की वारा तिकडून येतो, आणि बोट दाखवलं. ते मलाही माहीत होतं, पण माणूस एवढा विचार करून बोलला म्हणून मी मान डोलावली.

चिरंजीवांना खालच्या दुकानातून फोन केला. टेकडीवर फोन लागत नाही हेही त्याच्या भेगांच्या यादीत आहेच. चाकाचं ऐकून तो हसला नाही, त्यानं खांबाची जाडी विचारली. आणि गाडी ठरवून ठेवलीय म्हणाला, वीस तारखेची. मी म्हटलं, ठेव.

तू उंटावरून शेळ्या हाकतोयस, तरी हाक, मला आवडतंय. नवरा गेल्यापासून या घरात नवीन असं काही झालंच नव्हतं. आता सकाळी उठले की आधी बाहेर जाऊन त्या उघड्या खांबाकडे बघते.

एक काम कर. पात्याचा कागदी बेत मला पाठवून दे, जसा झग्याचा बेत असतो तसा, पूर्ण मापाचा. मला तो भिंतीला लावून बघायचाय. आणि ते पेन बदल. ओळी एकमेकींच्या अंगावर चढताहेत. मास्तरीणबाई तुला दहापैकी दोन गुण देतील.

जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझी,
अक्का

---

मागची खोली,
१६ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन पाती झाली. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो, फार देखणी झाली आहेत. आता त्यांना जवसाचं तेल पाजतोय. तीन हात, आणि प्रत्येक हाताला आठवडाभर वाळण. तेल पुरतं मुरलं नाही तर तुझे ढग त्यांना फुगवतील. ती आणि डायनॅमो एकाच खोक्यात घालून पुढच्या महिन्यात ट्रकनं पाठवतो.

तिसरं पातं तू करायचंस.

दचकू नकोस. मी खूप विचार केला. उद्या वादळात एखादं पातं मोडलं तर मी काय तिथे असणार आहे? ज्याच्या डोक्यावर चाक फिरणार त्याला एक तरी पातं घडवता आलं पाहिजे. शिवाय तुझा हात माझ्याहून हलका आहे, लहानपणापासून आहे. फळीलाही एक आडवी गाठ निघाली आणि माझ्याकडचं चांगलं लाकूड संपलं, तेही एक.

कागदी बेत पाठवत नाही. कागद दमटपणात ताणतो, त्याचा भरवसा नाही. मापं लिहून देतो. बुंध्यापासून टोकापर्यंत दर तीन इंचांवर रुंदी किती, जाडी किती, आणि पिळाचा उतार किती. मी माझ्या झालेल्या पात्यांवरूनच घेतली आहेत. बेत तुझा तू काढ, आयुष्यभर तेच तर केलंस. आधी करवत, मग रंधा, मग कानस, शेवटी पॉलिश पेपर. डोळ्यांवर विसंबू नकोस. डोळे मिटून पात्यावरून बोटं फिरव, उंचवटा असेल तिथे बोट थांबतं.

भाच्याला म्हणावं, गाडीवाल्याला दुसरं गिऱ्हाईक बघायला सांग. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस, तेल मी घालतोच आहे.

तुझा,
धाकटा

ती. वन्संना सा. न. मापांचं पान मी लिहिलं आहे, ह्यांनी सांगितलं तसं. आकडे तीनदा तपासले आहेत. तब्येतीला जपा. — मास्तरीण

---

टेकडीवरचं घर,
१८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बारा दिवस लागले, पण मी पातं केलं. पहिल्या दिवशी रंधा उलटा धरला होता. मेंढ्यांवाला दारात उभा राहून बराच वेळ बघत होता, मग आत येऊन त्यानं तो माझ्या हातात सुलटा दिला आणि निघून गेला. एकदा अंगठ्याची साल गेली. पण तू सांगितलंस तसे डोळे मिटले आणि बोटं फिरवली, तेव्हा कळलं की हे शिवणच आहे. खांद्यावर कापड बसतं की नाही ते मी हातानंच बघते. पूर्ण झालं त्या दिवशी मी पातं मांडीवर घेऊन तासभर बसले. सत्तरीत काही नवं जमलं की काय वाटतं ते तुला यथावकाश कळेल.

मग काल तुझं खोकं आलं. पाती बाहेर काढली. इतकी गुळगुळीत की हातातून निसटावीत. माझं पातं शेजारी ठेवलं, आणि माझं तोंड उतरलं. माझं तीन सूत आखूड. रुंदीतही थोडं कमी, जाडीतही. दर ठिकाणी कमीच.

म्हटलं, तीन सुतांनी काय होणार? मेंढ्यांवाल्याला हाताशी घेतलं, चाक बसवलं आणि खांब उभा केला. वारा आला तसं ते फिरलं, आणि फिरलं तसं थरथरायला लागलं. दोन जड, एक हलकं. थोडा वेग आला तर पाइप घुमायला लागला, खिडक्यांच्या काचा बोलायला लागल्या. बिजागरीचा एक बोल्ट निघून गवतात पडला. आम्ही धावत जाऊन खांब आडवा केला आणि चाक दोरीनं बांधून ठेवलं.

महिनाभर उरलाय. चूक माझी, पण कुठे झाली तेच कळत नाही. मी प्रत्येक माप दोनदा घेतलं होतं. हे चाक फिरलं नाही तर मला हे घर सोडायला लागेल, आणि ते माझ्याच हातानं झालेलं असेल, याचं फार वाईट वाटतंय. काय करू ते लगेच कळव.

तुझी,
अक्का

---

मागची खोली,
२४ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रडूबाई, रडू नकोस. चूक सापडली. तुझी टेप. किती वर्षांची आहे? गळ्यात घालून घालून तिचा पार दोरा झाला असेल. शिंप्याच्या टेपनं सुतारकाम केलं की असंच व्हायचं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी तुला म्हणणार नाही, कारण तू थोरली आहेस.

खालच्या दुकानातून नवी टेप आणव, पुन्हा लाकूड घे आणि पुन्हा कर. पहिलं जमलं तर दुसरं जमेलच. माझ्या पात्यांत सुताची चूक निघायची नाही, चाळीस वर्षांत निघाली नाही. कपाट सोडून.

लोभ धरून राहा, दोरी सोडू नकोस.

तुझा,
धाकटा

---

टेकडीवरचं घर,
३० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र मास्तरीणबाईंना मोठ्यानं वाचायला सांग. त्याच तुला माझी पत्रं वाचून दाखवतात, हे आता मला कळलंय.

जुनी टेप ताणली जाते. ताणलेल्या टेपवरचा इंच मोठा होतो, म्हणजे माझं पातं लांब व्हायला हवं होतं, आखूड नाही. हे तू एरवी झोपेतसुद्धा सांगितलं असतंस. तरी मी पोस्टमनकडून नवी टेप मागवली. माझं पातं तीन फूट, केसाचाही फरक नाही. मग तुझी मोजली. तीन फूट तीन सूत. दोन्ही. तीन फुटांना तीन सूत, फुटामागे एक. मी जिन्याखाली जाऊन त्या कपाटासमोर उभी राहिले आणि सगळं समजलं.

तू लाल रंग दिला होतास ना त्या पट्टीला? आंधळ्यालाही हाती लागायची नाही म्हणून? आंधळ्याला लाल रंग कसा दिसणार, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. वर्षभरात अक्षर तिप्पट झालंय. कागदी बेत पाठवला नाहीस तो कागद ताणतो म्हणून नाही, तुला रेघ दिसत नाही म्हणून. मापांचं पान तिच्या हातचं, खोक्यावरचा पत्ता तिच्या हातचा. एका पात्याच्या बुंध्याशी तपकिरी डाग आहे, तो मी तेलाचा समजत होते. तेल असं नसतं. आणि ती पाती एवढी गुळगुळीत का झाली तेही समजलं. डोळ्यांनी काम करणारा माणूस इतक्या वेळा हात फिरवत नाही.

मला तुझा फार राग आलाय. टेपवर ढकललंस म्हणून नाही. सहा वर्षांचा असताना ताप लपवला होतास तसा हे लपवलंस म्हणून. तेव्हा मी तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, आता नेता येत नाही, म्हणून हे लिहितेय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कधी नव्हे ती भीती वाटत असेल, ती घेऊन जा.

चिरंजीवांनी मला अट घातली, मी तुला घालते. चाक बांधलेलं आहे. तू डॉक्टरकडे जाऊन आल्याचं मास्तरीणबाईंच्या हातचं पत्र माझ्याकडे येत नाही तोवर मी ती दोरी सोडणार नाही, आणि नवं पातंही करणार नाही. वीस तारीख आली आणि गाडी दारात उभी राहिली तर मी निमूट तिच्यात बसेन. मला हे घर किती प्रिय आहे ते तुला माहीत आहे. आता तुझं तू ठरव.

आशीर्वाद कायम आहेत, रागातसुद्धा.

तुझी,
अक्का

---

७ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि कोट मागितला. काल आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर गेली, ती परत यायची नाही. उजव्याची निम्मी शाबूत आहे, आणि दिवसातून तीनदा औषधाचे थेंब घातले तर तेवढी राखता येईल असं डॉक्टर म्हणाले. आणखी सहा महिन्यांनी आला असतात तर राखायला काही उरलं नसतं, हेही म्हणाले. ते ऐकताना ह्यांनी माझा हात धरला होता. लग्नाला अडतीस वर्षं झाली, लोकांसमोर पहिल्यांदाच.

वन्सं, मला सगळं माहीत होतं. ह्यांनी शपथ घातली होती. तुमच्या घराचा निकाल लागेपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर अक्का चाक सोडून इकडे धावत येईल, असं म्हणायचे. मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि घरात गप्प बसले. तुमच्या पत्रावर माझ्यासाठी रागावलेली एकही ओळ नव्हती, त्यानं मला जास्त लागलं.

बाकीचंही सांगते. फळीला गाठ वगैरे नव्हती. तिसऱ्या पात्याच्या दोन फळ्या ह्यांच्या हातून फाटल्या. दुसऱ्या वेळी पटाशी तळहातात गेली. त्या दिवशी ह्यांनी हत्यारांची पेटी बंद केली आणि तिसरं अक्का करेल असं ठरवलं. पट्टीवरच्या खुणा अंगठ्याच्या नखानं चाचपून मोजायचे. दोन्ही पट्ट्यांच्या खुणा सारख्याच खोल, त्यामुळे नखाला फरक कळला नाही.

आता ह्यांचा निरोप, सांगतात तसा लिहिते. दोन उपाय आहेत. एक, त्यांची दोन्ही पाती दर ठिकाणी तासून तुमच्या मापाला आणायची. दुसरा, तीच मापं घेऊन त्याच लबाड पट्टीनं तुम्ही पातं नव्यानं करायचं. तिन्हींचं खोटं एकाच मापाचं असलं की चाक डगमगत नाही, असं म्हणाले आणि स्वतःच हसले. पहिला उपाय सोपा आहे, तोच करा असं त्यांचं मत. तरी दुसराही करता यावा म्हणून पट्टी सोबत पाठवली आहे. परत पाठवू नका म्हणतात, आता इथे तिचं काम नाही. गुंडाळताना ह्यांनी दोनदा कागद सोडला, पट्टी पुसली आणि पुन्हा गुंडाळली.

दोरी सोडा, वन्सं. तुमच्या शब्दाला हे जागले. मायेत मलाही धरून ठेवावं, एवढंच मागते.

आपली,
मास्तरीण

---

टेकडीवरचं घर,
२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आणि चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अनेक अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. का ते शेवटी सांगते, आधी कुणी पान उलटू नका.

तुझ्या पात्यांना मी रंधा लावला नाही. लावणारही नव्हते. त्यांच्यावर तुझी बोटं किती वेळा फिरली असतील त्याचा हिशेब मला लागत नाही, आणि ती मी पुसून टाकू? मी नवी फळी घेतली, तुझी पट्टी घेतली, आणि पुन्हा बसले. या वेळी सहा दिवस लागले. तेलाचा सध्या एकच हात दिलाय, उरलेले दोन मागाहून. लाल टोक माझ्या बाजूला धरून मोजत होते आणि मनात म्हणत होते की बोल बाई, बोल किती खोटं बोलायचं ते. सतरा तारखेला तिन्ही पाती शेजारी ठेवली. मेंढ्यांवाला वाकून बघत राहिला आणि म्हणाला की कुठलं कुणी केलंय ते कळत नाही. या महिन्यातलं त्याचं हे दुसरं वाक्य.

खांब उभा केला. मी दोरी सोडली आणि मागे होऊन कान झाकले, काचा वाजतील म्हणून. काही वाजलं नाही. चाक फिरायला लागलं, मग वेगानं फिरायला लागलं, आणि नुसता एक आवाज येत राहिला, कुणी लांबवर कापड फाडत जावं तसा. मी तिथे गवतात बसले आणि रडले, तुला लपवाछपवी आवडते, मला नाही.

दिवे दोन आहेत. एक जिन्याच्या तोंडाशी, एक बरोबर अकराव्या पायरीवर.

काल चिरंजीव आले. सामानाची गाडी सोबत होतीच, ड्रायव्हरही दोर बांधायच्या तयारीत. आधी खांबाशी गेला, हातोडीनं चार ठिकाणी ठोकून पाहिलं, एक घट्टच असलेला बोल्ट आणखी घट्ट केला. मग घरात येऊन बटण दाबलं. मग जिना चढला, उतरला, पुन्हा चढला. चार वेळा. शेवटी अकराव्या पायरीवर दिव्याखाली बसला आणि बराच वेळ उठेना. मी खालून विचारलं की भेग सापडली का. तो म्हणाला, नाही सापडली. मग म्हणाला की त्यालाही मला न्यायचं नव्हतंच, पण मागच्या थंडीत मी पडल्याचा फोन आला तेव्हापासून त्याला रोज एक जिना दिसत होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. चाळीस वर्षांचा मुलगा मांडीवर घेता येत नाही, नाहीतर घेतला असता.

आता गाडीचं. ती ठरवून ठेवलेली, ड्रायव्हर आलेला, आणि न्यायला सामान नाही. चिरंजीव म्हणाला की रिकामी परत कशी न्यायची. मी म्हटलं की रिकामी नको नेऊस, जाताना मामाच्या दारावरून जा आणि भरून इकडेच घेऊन ये. म्हणून हे पत्र त्याच्या हाती आहे आणि तो आता तुमच्या दारात उभा आहे. त्याला चहा द्या, आणि तो पिऊन होईपर्यंत कपडे भरा. थेंबांची बाटली वरच ठेवा. ते तीन वेळचे थेंब मी घड्याळ लावून घालणार आहे, मास्तरीणबाईंना या नोकरीतून थोडी सुट्टी हवी.

धाकट्या, चाक तुला पुरतं दिसणार नाही हे मला माहीत आहे. पण खांब आडवा करून मी ते तुझ्या हातात देईन. डोळे मिट आणि तिन्हींवरून बोटं फिरव. माझं कुठलं ते तुला ओळखता आलं तर जिन्याखालचं कपाट तू म्हणशील तिथे हलवेन, आणि नाही आलं तर ते आहे तिथेच राहील आणि त्याबद्दल मी पुन्हा कधी बोलणार नाही. थंडी संपेपर्यंत राहा. पुढचं तेव्हा बघू.

पट्टी दाराशी खिळ्याला टांगली आहे. तुझी आहे, इथेच राहील. आता मला कळलंय की ती लबाड नाही, तिला फक्त पुढचं ठाऊक असतं. निवलं की सगळंच थोडं आटतं, म्हणून तुम्हा दोघांचा लोभ आत्ताच फुटामागे एक सूत जास्त धरलेला असावा.

वाट बघणारी,
अक्का